शिंपले, स्मृतिनाश आणि ग्लूके-२ : कॅनडातल्या १९८७ च्या डोमोइक आम्ल विषबाधेचे प्रकरण

नोव्हेंबर १९८७ च्या अखेरीस पूर्व कॅनडातल्या रुग्णालयांत एक चमत्कारिक आजार दिसू लागला. सुरुवात अगदी साधी असे : जेवणानंतर काही तासांत ओकाऱ्या, पोटात कळा, जुलाब. पण त्यातल्या काहींचे डोके असह्य दुखू लागले, काही जण भांबावले, काहींना झटके आले, आणि शुद्धीवर आलेल्यांपैकी काहींच्या लक्षात नवी गोष्ट राहीना. सगळ्यांच्या जेवणात एकच पदार्थ समान होता : प्रिन्स एडवर्ड बेटाच्या पाण्यात वाढवलेले निळे मसल, म्हणजे आपल्याकडच्या शिनाण्यांचे थंड समुद्रातले भाऊबंद.

नोंदींमध्ये ही अन्नविषबाधा आहे, पण प्रकरणाचा गाभा औषधशास्त्राचा आहे. मेंदूतल्या ग्लूके-२ सारख्या कायनेट रिसेप्टरवर, म्हणजे चेतापेशीवरच्या निरोप झेलणाऱ्या प्रथिनावर, बसणारा डोमोइक आम्लासारखा रेणू माणसात किती मात्रेला काय करतो, हे मुद्दाम तपासणे शक्यच नसते. इथे ते नकळत घडले, आणि काही घरांत खाऊन उरलेले मसल हाती आल्यामुळे पोटात गेलेली मात्राही मोजता आली. म्हणून कायनेट रिसेप्टरांचा अभ्यास करणाऱ्याने हे प्रकरण तपशिलात वाचायलाच हवे.

रुग्ण

आरोग्य खात्यांकडे अडीचशेहून अधिक नोंदी आल्या. त्या गाळण्यासाठी व्याख्या ठरली : मसल खाल्ल्यापासून २४ तासांच्या आत पोटाची लक्षणे, किंवा ४८ तासांच्या आत मज्जासंस्थेची लक्षणे. १०७ जण तिच्यात बसले. ओकाऱ्या ७६ टक्क्यांना, पोटात कळा ५० टक्क्यांना, डोकेदुखी ४३ टक्क्यांना, जुलाब ४२ टक्क्यांना, आणि अलीकडच्या आठवणींचा नाश २५ टक्क्यांना. १९ जणांना दाखल करावे लागले. त्यांतले १२ जण झटके, कोमा, श्वासमार्गात साचणारा भरपूर स्राव किंवा अस्थिर रक्तदाब यांमुळे आयसीयूत गेले. या गणनेत तीन मृत्यू आहेत. पुढे मेंदूची शवतपासणी झालेल्यांची संख्या मात्र चार आहे.

वय वाढत जाईल तसा स्मृतिनाशाचा आणि दाखल होण्याचा धोका वाढत गेला, आणि पुरुषांत तो अधिक होता. पासष्टीच्या आतले जे थोडे रुग्ण गंभीर झाले, त्यांना मधुमेह, मूत्रपिंडाचा जुना विकार यांसारखे आजार आधीपासून होते. हा धागा महत्त्वाचा आहे. डोमोइक आम्ल शरीरात फारसे मोडत नाही, ते जसेच्या तसे लघवीवाटे बाहेर पडते. मूत्रपिंड मंद असेल तर तीच थाळी रक्तात जास्त काळ रेंगाळते. वय हा धोक्याचा घटक दिसतो, पण त्या वयामागे बऱ्याच अंशी मूत्रपिंडाची उतरलेली गाळणक्षमता आहे.

मज्जासंस्थेची लक्षणे तीव्र असलेल्या १४ रुग्णांचा सविस्तर अभ्यास झाला. काही महिन्यांनी चाचण्या घेतल्या तेव्हा १२ जणांना नव्या आठवणी साठवणे जवळजवळ अशक्य झाले होते. भाषा, तर्क, इतर बौद्धिक कामे मात्र तुलनेने शाबूत होती. ११ जणांत स्नायूंकडे जाणाऱ्या चेतातंतूंची हानी विद्युत् तपासणीत दिसली. चौघांच्या पीईटी चित्रणात कानशिलामागच्या खंडाच्या आतल्या भागात ग्लुकोजचा वापर घटलेला होता. याच प्रादुर्भावात ८४ वर्षांचे एक गृहस्थ होते. मळमळ, ओकाऱ्या, गोंधळ, मग कोमा, सर्वांगाचे झटके आणि थांबता न थांबणारी अंशतः अपस्माराची अवस्था, असा त्यांचा क्रम होता. त्यांच्याकडे शेवटी पुन्हा यायचे आहे.

उंदरांचे खाजवणे

शिंपल्यांतल्या विषासाठी त्या काळी प्रचलित चाचणी उंदरांवरची होती, आणि ती लकवा आणणाऱ्या सॅक्सिटॉक्सिनसाठी बांधलेली होती. १०० ग्रॅम गर तेवढ्याच सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात पाच मिनिटे उकळायचा, गाळून त्यातला १ मिलिलिटर सुमारे २० ग्रॅमच्या उंदराच्या पोटाच्या पोकळीत टोचायचा आणि मृत्यूपर्यंतचा वेळ मोजायचा. सॅक्सिटॉक्सिन असेल तर निकाल पंधरा मिनिटांच्या आत लागतो. या मसलांच्या अर्काने उंदीर तसे लुळे पडत नव्हते. ते मागच्या पायाने खांदा सतत खाजवत, मग झटके येत आणि मरत. जो पंधरा मिनिटांनी घड्याळ बंद करील, त्याला नमुना निर्दोष वाटण्याची पुरेपूर शक्यता होती. निरीक्षणाचा काळ चार तासांपर्यंत वाढवल्यावर चित्र स्पष्ट झाले. खांदा खाजवणे ही या विषाची उंदरातली सहीच ठरली.

तिथून पुढचे काम हॅलिफॅक्सच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या प्रयोगशाळेत झाले. पद्धत सरळ, पण चिकाटीची : अर्काचे रासायनिक भाग पाडायचे, प्रत्येक भाग उंदराला टोचायचा, ज्या भागाने खाजवणे आणि झटके येतात तोच पुढे आणखी विभागायचा. विषारी भाग पाण्यात विरघळणारा होता. कागदावरच्या उच्च दाबाच्या विद्युत् पृथक्करणात अमिनो आम्लांना रंग आणणाऱ्या निनहायड्रिनने पिवळा डाग आला. हा रंग प्रोलीनसारखी वलयी रचना सुचवतो. अतिनील प्रकाशाचे शोषण २४२ नॅनोमीटरला सर्वाधिक होते, म्हणजे लागून असलेले दोन दुहेरी बंध. वस्तुमान आणि चुंबकीय अनुनाद यांच्या नोंदी जुळल्या आणि रेणू ठरला : डोमोइक आम्ल, रेणुभार ३११. एकत्रित शोध सुरू झाल्यापासून उत्तर मिळेपर्यंत १०४ तास लागले.

हे नाव विषांच्या यादीत नव्हतेच, आणि ती गफलत समजण्यासारखी आहे. १९५८ मध्ये जपानी रसायनतज्ज्ञांनी हे आम्ल कॉन्ड्रिया आर्माटा या तांबड्या समुद्रशेवाळातून वेगळे केले होते, तेही पोटातले जंत पाडणारे औषध म्हणून. त्यासाठी सुमारे २० मिलिग्रॅमची मात्रा दिली जात असे आणि त्रास नोंदलेला नव्हता. डायजेनिया सिम्प्लेक्स या दुसऱ्या शेवाळातून आधीच, १९५३ मध्ये, कायनिक आम्ल मिळाले होते. तेही जंतांवरचेच औषध. आज ज्या रिसेप्टर घराण्याला आपण कायनेट म्हणतो, त्याचे नाव या शेवाळाच्या जपानी नावावरून आले आहे.

विष आले कुठून? मसल ज्या खाड्यांतले होते त्या कार्डिगन उपसागरातल्या तीन नद्यांच्या मुखाशी त्या वेळी निट्शिया पंजेन्स या सूक्ष्म डायटमची (एकपेशीय शेवाळाची) दाट वाढ झाली होती. आता त्या जातीला सूडोनिट्शिया मल्टिसिरीज म्हणतात. डायटम असे चेताविष बनवतात हे तोपर्यंत कुणाला ठाऊक नव्हते. मसल पाणी गाळून खातात, म्हणून त्यांच्या पचनग्रंथीत ते साठले. मसलला स्वतःला काही झाले नाही, म्हणून वरून पाहून काही कळण्याजोगे नव्हते. शिजवूनही उपयोग नव्हता, कारण हा रेणू स्वयंपाकाच्या उष्णतेला टिकतो. थोडा भाग रश्श्यात उतरतो एवढेच.

उरलेल्या मसलांवरून हिशेब बांधता आला. १५ ते २० मिलिग्रॅम पोटात गेलेल्या व्यक्तीला काही झाले नाही. आजारी पडलेल्यांची मात्रा साधारण ६० ते २९० मिलिग्रॅम होती, आणि गंभीर रुग्ण त्याच्या वरच्या टोकाला होते. गरात ग्रॅमला ५०० मायक्रोग्रॅम असेल तर २०० ग्रॅमच्या थाळीत १०० मिलिग्रॅम होतात, तेव्हा हे आकडे एका जेवणात सहज गाठता येतात. जंतांचे औषध आणि स्मृतिनाश यांच्यातले अंतर तीन ते पंधरा पटींचे आहे. औषधशास्त्राच्या मापाने ही फट फार अरुंद आहे.

ग्लूके-२ वर काय घडते

ग्लुटामेट हा मेंदूतल्या बहुतेक उत्तेजक सांध्यांवरचा निरोप्या. त्याला उत्तर देणारे आयनमार्ग तीन घराण्यांचे : अँपा, एनएमडीए आणि कायनेट. कायनेट घराण्यात ग्लूके-१ ते ग्लूके-५ अशी पाच प्रथिने आहेत. त्यांतले ग्लूके-२ हे सहाव्या गुणसूत्रावरच्या ग्रिक-२ या जनुकाचे, ९०८ अमिनो आम्लांचे. अशा चार साखळ्या एकत्र येऊन एक मार्ग बनतो. ग्लूके-२ एकटाही मार्ग बनवतो. मेंदूत तो पुष्कळदा ग्लूके-५ च्या जोडीने असतो, आणि ग्लूके-५ ला मात्र एकट्याने मार्ग बनवता येत नाही.

प्रत्येक साखळीचा ग्लुटामेट धरणारा भाग दोन पाळ्यांचा असतो आणि शिंपल्यासारखा मिटतो. ग्लुटामेट आत बसला की पाळ्या घट्ट मिटतात, त्यांच्या ओढीने पडद्यातल्या कुंडल्या सरकतात आणि मार्ग उघडून सोडियम व थोडे कॅल्शियम आत येते. लगेच दुसरी गोष्ट घडते, आणि सगळे प्रकरण तिच्यावर फिरते. शेजारच्या साखळ्यांमधली जोडणी काही मिलिसेकंदांत निखळते आणि ग्लुटामेट जागेवर असतानाच मार्ग बंद होतो. याला असंवेदीकरण म्हणतात. शिवाय भोवतालच्या पेशींवरचे पंप ग्लुटामेट उपसून नेतात. मेंदूच्या उत्तेजनाला असे दोन ब्रेक आहेत.

डोमोइक आम्ल दोन्ही ब्रेक चुकवते. त्याचे प्रोलीनचे वलय ग्लुटामेटची नक्कल करते आणि त्याला जोडलेली लांब शेपटी खाचेतून बाहेर डोकावते. २००५ मध्ये ग्लूके-२ च्या बंधनभागाची डोमोइक आम्लासह स्फटिकरचना मिळाली. तिच्यात पाळ्या ग्लुटामेट असताना मिटतात तितक्या मिटलेल्या नाहीत. म्हणजे रेणू अर्धवट कार्यकारी आहे, मार्ग पूर्ण ताकदीने उघडत नाही. ‘अर्धवट’ शब्दाने इथे हमखास दिशाभूल होते. विद्यार्थी त्याचा अर्थ ‘सौम्य’ असा घेतात. प्रत्यक्षात डोमोइक आम्ल अगदी विरळ, नॅनोमोलच्या पातळीलाच चिकटते, सुटायला फार वेळ घेते, आणि त्याच्यामुळे होणारे असंवेदीकरण संथ व अपुरे असते. पंपांनाही ते ग्लुटामेटसारखे उपसता येत नाही. लहान पण न थांबणारा प्रवाह मोठ्या पण क्षणिक प्रवाहापेक्षा पेशीत कितीतरी जास्त सोडियम आणि कॅल्शियम भरतो.

अँपा रिसेप्टरवर त्याला जास्त, म्हणजे मायक्रोमोलच्या आसपास, मात्रा लागते. पण तिथेही प्रवाह ग्लुटामेटसारखा पटकन ओसरत नाही. मोठ्या मात्रेच्या विषबाधेत दोन्ही घराणी सामील असतात असे धरूनच चालावे. पाठीच्या कण्यातल्या चेतापेशींची हानी केवळ ग्लूके-२ च्या माथी मारणे बरोबर होणार नाही.

प्रयोगशाळेत हे मोजताना एक चूक नेहमी होते. पेशीवर ग्लुटामेट सावकाश सोडला तर ग्लूके-२ चा प्रवाह नोंदला जाण्याआधीच ओसरतो, आणि रिसेप्टर निकामी आहे असा निष्कर्ष निघतो. त्यासाठी एक तर द्रावण मिलिसेकंदांत बदलणारी यंत्रणा हवी, किंवा पेशी आधी कॉन्कॅनाव्हॅलिन-ए मध्ये ठेवायच्या. हे प्रथिन ग्लूके-२ वरच्या शर्करांना चिकटून असंवेदीकरण रोखते. चेतापेशींत अँपाचा प्रवाह बाजूला काढायला जीवायकेआय-५३६५५ वापरतात. सीएनक्यूएक्स किंवा एनबीक्यूएक्स वापरले तर दोन्ही घराणी अडतात आणि प्रश्नाचे उत्तर मिळत नाही.

हिप्पोकॅम्पसच का

कायनेट रिसेप्टर कानशिलाच्या खंडाच्या आत असलेल्या हिप्पोकॅम्पसच्या सीए-३ भागात, जिथे दंतुर वळीतून येणारे शेवाळी तंतू पोचतात तिथे, विशेष दाट आहेत. शिवाय सीए-३ च्या पेशी एकमेकींना उत्तेजित करणाऱ्या जाळ्यात गुंफलेल्या असतात. एका पेशीचा भडका शेजारणींना पेटवतो. नव्या आठवणी साठवण्याचे कामही याच परिसराचे. रुग्णांची भाषा शाबूत राहून आठवण तेवढी गेली, त्याचे उत्तर रिसेप्टरांच्या या वाटपात आहे. १९९८ मध्ये ग्लूके-२ नसलेले उंदीर तयार झाले, तेव्हा त्यांच्या सीए-३ पेशींचा कायनेटला मिळणारा प्रतिसाद गेला होता आणि कायनिक आम्लाने झटके येण्याचे प्रमाणही घटले होते. शवतपासणी झालेल्या चारही जणांच्या मेंदूत पेशींचा नाश मुख्यतः हिप्पोकॅम्पस आणि अमिग्डाला इथे होता, कायनिक आम्ल दिलेल्या प्राण्यांत दिसतो त्याच नमुन्याचा.

पेशी मारण्याचे शेवटचे काम मात्र पुष्कळदा एनएमडीए रिसेप्टर करतो. कायनेट रिसेप्टर काही सांध्यांत निरोप पाठवणाऱ्या टोकावरही असतात. ते उत्तेजित झाले की आणखी ग्लुटामेट सुटतो. पेशीपडदा आधीच विद्युत्‌भार बराचसा गमावून बसल्याने एनएमडीए मार्गातला मॅग्नेशियमचा अडसर निघालेला असतो, आणि कॅल्शियमचा लोंढा आत येतो. पेशीसंवर्धनात एनएमडीए अडवणारी द्रव्ये डोमोइक आम्लाची हानी बरीच रोखतात. आणखी एक तपशील : मसलच्या गरात ग्लुटामेट आणि अस्पार्टेट मुळातच भरपूर असतात. संवर्धनातल्या पेशींवर त्यांच्या जोडीने डोमोइक आम्ल एकट्यापेक्षा जास्त घातक ठरते. शुद्ध रेणूवरून काढलेली सुरक्षित मात्रा शिंपल्याला जशीच्या तशी लावू नये, ती या कारणाने.

मर्यादा आणि तपासणी

कॅनडाने गरात ग्रॅमला २० मायक्रोग्रॅम ही मर्यादा घातली आणि नंतर तीच बहुतेक जगाने स्वीकारली. २५० ग्रॅमच्या थाळीत ५ मिलिग्रॅम, म्हणजे लक्षणे दिसलेल्या सर्वांत कमी मात्रेचा बारावा हिस्सा. मूत्रपिंड अधू असलेल्या वृद्धासाठी एवढे अंतर हवेच.

उंदरांची चाचणी या कामाला पुरत नाही. तिला साधारण ४० मायक्रोग्रॅमच्या खालचे ओळखता येत नाही, म्हणजे मर्यादेच्या दुप्पट विष असलेला माल तिच्यातून निसटू शकतो. म्हणून द्रव-वर्णलेखन, म्हणजे अर्कातले घटक स्तंभातून वेगळे करून मोजण्याची पद्धत, वापरतात : पुष्कळ शिंपल्यांचा गर एकजीव वाटून त्यातला ४ ग्रॅम घ्यायचा, १६ मिलिलिटर निम्म्या पाण्याच्या मिथेनॉलमध्ये घोटायचा, अपकेंद्री यंत्रात फिरवून गाळायचा आणि २४२ नॅनोमीटरला मोजायचा. इथे फसवणारा पदार्थ ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल. तो स्तंभातून डोमोइक आम्लाच्या अगदी जवळ बाहेर पडतो आणि निर्दोष नमुना दोषी ठरतो. आधी आयनविनिमय स्तंभातून अर्क स्वच्छ केला तर हा घोटाळा टळतो. नमुना बराच काळ ठेवला किंवा तापवला तर थोडे आम्ल त्याच्याच एपि रूपात, म्हणजे अणूंची मांडणी किंचित वेगळी असलेल्या रूपात, बदलते. म्हणून निकालात दोन्हींची बेरीज धरायची.

मसल स्वच्छ पाण्यात काही दिवसांत ते दोन-तीन आठवड्यांत मोकळे होतात. काही जातींच्या पंखा-शिंपल्यांत मात्र विष महिनोन्‌महिने राहते, तेव्हा एका जातीचे वेळापत्रक दुसरीला लावून बंदी उठवणे धोक्याचे.

उपचार, आणि ते ८४ वर्षांचे गृहस्थ

यावर उतारा नाही. १९८७ मध्ये झटके फेनिटॉइनला फारसे दाद देत नव्हते. शिरेतून मोठ्या मात्रेत डायझेपाम आणि फिनोबार्बिटल दिल्यावर ते आटोक्यात आले. औषधशास्त्राने पाहिले तर यात संगती आहे. फेनिटॉइन वेगाने वारंवार उघडणारे सोडियम मार्ग अडवते, पण इथे प्रवाह रिसेप्टरमधूनच सतत आत येत असतो. डायझेपाम आणि फिनोबार्बिटल गाबा या शांतवणाऱ्या निरोप्याचा लगाम ओढतात, आणि फिनोबार्बिटल जास्त मात्रेत अँपा-कायनेट प्रवाहही थोडा दाबते. आज हाताशी आणखी काही आहे. २०१२ पासून वापरात आलेले पेराम्पॅनेल अँपा रिसेप्टर बंद करते, पण कायनेट घराण्यावर त्याचा भर नाही. टोपिरामेटचा काही परिणाम कायनेटवर, विशेषतः ग्लूके-१ वर, आहे. केटामाइन एनएमडीएचा टप्पा अडवते. एनबीक्यूएक्स प्राण्यांत मेंदू वाचवते, पण ते पाण्यात नीट विरघळत नाही आणि मूत्रपिंडात त्याचे खडे जमतात. ज्या विषाची बाहेर पडायची वाटच मूत्रपिंड आहे, त्यावर हे औषध चालणार नाही.

संशयित रुग्ण आला तर पहिल्या तासात करायची कामे साधी आहेत. उरलेले शिंपले आणि पहिली लघवी गोठवून ठेवावी, मूत्रपिंडाचे काम कळण्यासाठी क्रिएटिनिन पाहावे, लघवीचे प्रमाण राखावे, आणि रुग्ण नुसता गोंधळलेला दिसत असला तरी ईईजी (मेंदूच्या विद्युत् लहरींचा आलेख) काढावा, कारण अंशतः अपस्माराची अवस्था बाहेरून केवळ भांबावलेपणासारखी दिसते. वृद्ध माणसाचे ओकाऱ्यांनंतरचे असंबद्ध बोलणे पक्षाघात किंवा पाणी कमी झाल्याचे लक्षण समजून सोडून दिले, तर झटक्यांचे तास वाढतात.

त्या गृहस्थांचे झटके थांबले. स्मृतीचे मोठे नुकसान राहिले, पण आठव्या महिन्यात ईईजी सामान्य आला. इथे बहुतेक जण फाइल बंद करतील. विषबाधेला वर्ष झाल्यावर त्यांना पुन्हा झटके सुरू झाले, या वेळी कानशिलाच्या खंडातून. ईईजीत दोन्ही बाजूंनी स्वतंत्र लहरी, डावीकडे जास्त. एमआरआयमध्ये दोन्ही हिप्पोकॅम्पस आक्रसलेले. विषबाधेनंतर सव्वातीन वर्षांनी न्यूमोनियाने ते गेले, आणि शवतपासणीत दोन्ही हिप्पोकॅम्पस जवळजवळ पेशीहीन, कडक झालेले आढळले. विष शरीरातून केव्हाच निघून गेले होते. त्याने मारलेल्या पेशींच्या जागी उरलेले जाळे वर्षभर नव्याने जुळत राहिले आणि मग स्वतःहून पेटू लागले. म्हणून अशा रुग्णाचा ईईजी सामान्य आला तरी त्याला किमान दीड-दोन वर्षे बोलावत राहावे, आणि घरच्यांना सर्वांगाच्या झटक्याबरोबरच क्षणभर हरवलेली नजर, ओठ चाटत राहणे, बोलता बोलता थबकणे हेही ओळखायला शिकवावे.